समोरची काच

"चेंडूनं? चेंडूनं ही काच नाही फुटत, साहेब." काचवाला बॉनेटवर वाकून पाहत होता.

ड्रायव्हरसमोर काचेवर कोळ्याचं जाळं विणल्यासारख्या रेघा पसरल्या होत्या. मधोमध, एकाला लागून एक, दोन खळगे होते.

"मग दगड असेल," तिचे बाबा म्हणाले. "गाडी दारातच उभी होती. गल्लीतली पोरं, दुसरं कोण? ते मरू दे. खर्च किती ते सांगा. आज लेकीला सासरी पोचवायचंय."

ती बाबांच्या मागे मोबाइल धरून उभी होती. लग्नाला सात महिने झाले होते. चार दिवसांसाठी म्हणून माहेरी आली होती, त्याला आज बारावा दिवस.

"हिचं निघायचं ठरलं की काहीतरी आडवं येतंच," बाबा हसले. "आधी ताप आला. परवा गाडीतला दिवा चालू राहिला नि बॅटरी उतरली. आता हे."

"माहेराहून पाय निघतो होय कुणाचा? माझ्याही दोन दिल्यात, मला माहितीये." काचवाल्यानं हात पुसले आणि आकडा सांगितला.

बाबांनी चष्मा काढून पुन्हा घातला. "एका काचेचे एवढे?"

"एक दिसते, पण दोन आहेत. मध्ये पडदा चिकटवलेला असतो, म्हणून तर फुटली तरी अंगावर सांडली नाही. शिवाय आरशामागे हा कॅमेरा. नव्या काचेवर तो पुन्हा मापात बसवावा लागतो. केसभर चुकला तरी गाडीला सरळ रस्ता वाकडा दिसतो. वर चिकटवायचं सामान, रबर, मजुरी. निम्मे पैसे काचेचे, निम्मे ती नीट बसवायचे."

"वेळ किती लागतो?" तिनं विचारलं.

"काच हाताशी असली तर चार तास. पण या गाडीची माझ्याकडे नाही. कंपनीची मागवली तर चार दिवस."

"कंपनीचीच मागवू, बाबा. उगाच कसलीतरी बसवायची आणि मग पस्तावायचं."

"चार दिवस? अगं, जावई काय म्हणतील?"

ती काचवाल्याकडे वळली. "आणि इन्शुरन्समधून केलं तर?"

"पैसे वाचतील. पण त्यांचा माणूस येऊन बघणार, कागद फिरणार. आठवडा धरा."

"आठवडा चालेल. एवढे पैसे कशाला घालवता, बाबा?"

बाबांचा आवाज ओला झाला. "बघा. परक्या घरी गेली तरी बापाच्या खिशाची काळजी सुटत नाही."

"मग आज बसनं सोडा की त्यांना."

"जावयांना बस चालत नाही. तुम्ही स्वतः गाडीनं आणून सोडा म्हणाले, नऊच्या आत. शिस्तीचा माणूस आहे."

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. ती दोन पावलं बाजूला गेली. "हो. काचेच्या दुकानात. हो, बाबा आहेत ना. नाही, खरंच फुटलीये. पाठवते."

परत येऊन तिनं गाडीसमोर मोबाइल धरला. "नंबर दिसायला हवा. काका, तुम्हीही जरा उभे राहा ना फोटोत. दुकानात कोण कोण आहे ते दाखव म्हणालेत."

काचवाल्यानं शर्ट खाली ओढला, केसांवरून हात फिरवला. "भारी जीव आहे हो जावयांचा!"

पोरीचा उतरलेला चेहरा मात्र त्याला बघवेना. त्यानं ओळखीतल्या दुकानांना फोन लावले. चौथ्या फोनवर तो एकदम ताठ बसला.

"झालं काम, ताई! गावाच्या पार दुसऱ्या टोकाला मिळाली. तीही कंपनीची."

"आजच?"

"आत्ता तासाभरात येते. आता तरी हसा."

ती हसली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसली.

काच आली. तारेनं जुनी काच कापून काढायला काचवाला स्वतः बसला. दर अर्ध्या तासानं तिचा मोबाइल वाजत होता आणि ती "हो" म्हणत होती. दीड वाजला तशी ती उठून त्याच्याजवळ आली.

"काका, आधी जेवून घ्या ना. सावकाश करा."

"तुम्ही मार्गाला लागलात की जेवीन."

ती परत खुर्चीवर गेली. समोर बाबा दारात उभं राहून तिच्या आईला फोनवर सांगत होते, "बॅगा भरून दारात आणून ठेव. पाचला निघतोय."

साडेचारला काच पक्की झाली होती, कॅमेरा मापात बसला होता. बाबांनी एका पैशाचीही घासाघीस केली नाही. काचवाल्यानंच मजुरी वजा केली.

"राहू द्या. लेकीच्या पाठवणीला माझाही हात लागला म्हणायचं."

बाबांनी त्याचे दोन्ही हात धरले आणि पावती घ्यायला आत गेले.

ती गाडीभोवती एक फेरी मारून मागच्या बाजूला थांबली होती. काचवाला फडकं झटकत तिच्याजवळ आला.

"आता निर्धास्त जा, ताई. नऊच्या आत घरी असाल. काही मनात असेल तर विचारा, लाजू नका."

तिनं बाबा आत आहेत हे पाहिलं. मग हलकेच म्हणाली, "काका, मागची फोडली, तर ती मिळायला किती दिवस लागतात?"