पत्र्याचं कपाट

पत्र्याचं कपाट घुरघुरलं आणि शिलाईच्या लांबलचक खोलीतल्या बायकांच्या माना एकदम वर झाल्या. आत कुणाचा तरी फोन वाजत होता. कुणाचा, ते कळायची सोय नव्हती. कामावर आलं की फोन बंद करून कपाटातल्या आपापल्या खणात ठेवायचा, सुपरवायझर कुलूप घालणार, ते जेवणाच्या सुट्टीतच उघडणार, असं नवं फर्मान सुटलं होतं.

बाह्या जोडणारीनं मशिन थांबवलं. तिचा लेक रात्रीपासून तापानं फणफणला होता, आणि ताप वाढला की त्याला आकडी यायची. मागच्या खेपेला पोरगं डोळे फिरवून निळं पडलं होतं. काही वाटलं तर लगेच फोन करा, असं सासूबाईंना दहादा बजावून ती निघाली होती. निघताना त्याच्या कपाळाला हात लावला तर चटका बसला. तरी आली. न येऊन सांगते कुणाला?

आपला नव्हे, तिनं स्वतःला समजावलं. तिचा असता तर आवाज आलाच नसता. मागच्या आठवड्यात तिचाच फोन कपाटात वाजला होता, आणि पुन्हा वाजला तर घरीच बस, असं सुपरवायझरनं सगळ्यांदेखत सुनावलं होतं. पण आज तो बंद करायला तिचा हात धजेना. मग तिनं फोनभोवती कापडाच्या चिंध्या घट्ट गुंडाळल्या, वर गाठ मारली आणि ती पुरचुंडी खणात सारली. फोन चालूच, पण हूं की चूं करणार नाही. बाईनं भारीच डोकं चालवलं होतं!

घुरघुर थांबली. तिला हायसं वाटलं, आणि लगेच लक्षात आलं. हूं की चूं करणार नाही, म्हणजे तिकडून सासूबाई फोनवर फोन करत असल्या, तरी इकडे हिला पत्ता लागायचा नाही. हातातली बाही उलटी जोडली गेली. ती तशीच उठली.

"साहेब, जरा कपाट उघडता का? पोराला बरं नाहीये."

सुपरवायझर काही दुष्ट नव्हता. त्यानं खिशातून किल्ली काढलीसुद्धा. मग थांबला.

"आत्ता वाजला तो तुझा का? पुन्हा चालू ठेवलास?"

शेजारची मशिनं थांबली होती. हो म्हणावं, पाय धरावेत, असं तिला फार वाटलं. पण तोंडून भलतंच निघालं.

"नाही साहेब. माझा बंद आहे."

"मग कशाला घाबरतेस? सुट्टी होईलच आता."

पुढे बोलावं, तर पुरचुंडी त्याच्याच हाती लागायची. ती जागेवर येऊन बसली आणि उलटी बाही उसवू लागली. टाके काही केल्या दिसेनात.

सुट्टी झाली, कपाट उघडलं. वाजलेला फोन कॉलर शिवणारीचा निघाला. तिच्या नवऱ्याला साखरेचा डबा सापडत नव्हता. बायका पोट धरधरून हसल्या. सुपरवायझर रागवायला गेला, पण त्यालाही हसू आवरेना.

बाह्या जोडणारीनं आपल्या खणात हात घातला. पुरचुंडी वरच्या चिंधीपर्यंत गरम झाली होती, आतला फोन वाजून वाजून तापावा तशी. गाठ सोडायला तिचा हात धजेना.