झुंबरबाईचा थांबा

लोणावळ्याच्या हॉटेलातली पाळी संपवून माधवी रोज संगणकावरच्या बसच्या खेळात आंदर मावळचा घाटरस्ता वळणावळणाने रचत राहिली. तो पुरा होताच तिने खेळाचे स्टिअरिंग निवृत्त एसटीचालक वडिलांच्या हाती दिले. रस्ता त्यांना आपला वाटावा, एवढीच तिची आस होती.

एका निर्जन वळणावर त्यांनी बस थांबवली. पडद्यावरचे गुण घसरले.

"आबा, इथे थांबा नाही."

"मग झुंबरबाईनं काय चालत जायाचं?"

दुसऱ्या दिवशी माधवीने त्या वळणावर डोईवर पदर घेतलेली झुंबरबाई उभी केली. आबांनी तिला हसून बसमध्ये घेतले. बस मात्र त्यांनी पुढे काढली नाही.

"आता काय राहिलं, आबा?"

"तिच्या कोंबड्यांचं डालगं."