पाणी कितीला उकळतं

तिसऱ्या खेपेलाही पारा पंच्याण्णव पॉइंट सहावर येऊन थांबला. वसुमतीने डोळा पाऱ्याच्या पातळीत आणून पुन्हा वाचलं. पंच्याण्णव पॉइंट सहा.

"झालं काय, अक्का?" गुंडो दारातून म्हणाला. तो बेळगावकडचा, त्रिविक्रम सरांच्या हाताखाली चार वर्षं संशोधन करत होता. "सत्त्याण्णव लिहा, सरांची सही घ्या आणि पळा. पाचला ऑफिस बंद होतंय."

"सत्त्याण्णव येत नाही, गुंडोअण्णा."

"नसंना का येत! मुंबईहून पोरं येतात, पुस्तकातलं शंभर लिहितात आणि आल्या गाडीनं परत जातात. बेंगळूर तीन हजार फुटांवर. इथं पाणी सत्त्याण्णवला उकळतं, हे ज्याला ठाऊक त्याला सर घेतात. सगळ्यांनी तेच लिहिलंय." तो जवळ आला आणि आवाज उतरवून म्हणाला, "मी जरा शहाणा. मी शहाण्णव पॉइंट नऊ लिहिलं. मोजल्यागत दिसतंय."

टेबलावर वसुमतीचा फॉर्म होता. 'विद्यार्थ्याने निवडलेल्या गाइडचे नाव' असं वर छापलेलं, खाली सल्लागार समितीच्या दोन सभासदांसाठी दोन रेघा. तिन्ही जागा कोऱ्या. निवड विद्यार्थ्याची, हे छापण्यापुरतं. खरं तर गाइडच निवडत. आज पाचपर्यंत वरच्या रेघेवर नाव चढलं नाही, तर संशोधनाची जागा गेली. मग सोमवारपासून चामराजपेटेतल्या मुलींच्या शाळेत शिकवायचं. वडील तिथे तिच्या वतीने हो म्हणून आले होते.

तिने प्रयोगशाळेच्या नोंदवहीत ९५.६ लिहिलं. गुंडोने कपाळाला हात लावला.

त्रिविक्रम सर आत आले ते घड्याळ बघतच. घरी मराठी बोलणाऱ्यांशी ते इथेही मराठीच बोलत.

"किती आलं?"

"पंच्याण्णव पॉइंट सहा."

सरांनी मान वर केली. "बॅरोमीटर पाहिलात?"

"हो, सर. सहाशे चौऱ्याऐंशी मिलिमीटर."

"म्हणजे कोष्टकाप्रमाणे पाणी कितीला उकळायला हवं?"

"सत्त्याण्णवला."

"मग?"

"हवं, सर. पण हा थर्मामीटर तसं दाखवत नाही. बर्फातही घालून पाहिला. तिथे शून्य बरोबर दाखवतो."

"चष्मा लागलाय का तुम्हाला? डोळे कधी तपासलेत?"

"सर, मग एकदा आपणच वाचा."

बोलून गेल्यावर तिचे कान तापले. गुंडो छताकडे बघू लागला.

सरांनी कोट काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि स्वतः बर्नर पेटवला. भांड्यात ताजं पाणी घातलं, थर्मामीटर वाफेत धरला जाईल असा लावला आणि समोर स्टुलावर बसले. पारा भराभर चढला, मग सावकाश, मग थांबला. सरांनी एक डोळा मिटला. भिंग वर केलं, खाली केलं.

"पंच्याण्णव..." ते म्हणाले, आणि भिंग पुन्हा जरा सरकवलं. "पॉइंट सहा. अरे!"

स्वतःच्या परसात कधी न पाहिलेलं झाड दिसावं, तसा तो 'अरे' होता.

त्यांनी वही ओढून घेतली आणि पानं मागे उलटू लागले. दरवर्षीचे उमेदवार, दरवर्षीचे आकडे. ९७.०. ९७.१. ९७.०. एका पानावर त्यांचं बोट थांबलं.

"गुंडो, हे शहाण्णव पॉइंट नऊ तुझं?"

"हो, सर."

"अक्षर सुंदर आहे."

सर आणखी मागे गेले, पार पहिल्या पानापर्यंत. तिथे एकच नोंद होती, नव्या थर्मामीटरची. शाई तपकिरी पडलेली. ९७.०.

"हे माझं," सर म्हणाले.

वाफ वर जात होती. सरांनी आकड्यावर बोट ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं.

"त्या दिवशी मी पाणी उकळलं होतं की नाही, काही केल्या आठवत नाही."

वसुमतीने पेनाचं टोपण काढलं आणि फॉर्मच्या वरच्या रेघेवर त्यांचं नाव लिहिलं.

"मला न विचारताच?" सर म्हणाले.

"विद्यार्थ्याने निवडलेल्या, असं छापलंय, सर."

त्यांनी कागद पुढे ओढून सही केली. "समितीत विठोजीरावांना घाला, त्यांना उपकरणं कळतात. आणि दुसरे नागनाथ."

"नागनाथ सर?" गुंडोला राहवलं नाही. "ते तर आपला एकही आकडा खरा मानत नाहीत. मागच्या सेमिनारात काय काय बोलले!"

"त्यांनी हा थर्मामीटर पाहिला असता, तर तो चुकतोय हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं," सर म्हणाले. "लिहा. मी त्यांच्याशी बोलतो."

ऑफिसातल्या कारकुनाने पाचला सात मिनिटं कमी असताना फॉर्मवर शिक्का मारला. तशीच ती झपझप परत आली.

सर नव्हते. कोट खुर्चीवर तसाच होता. गुंडोने भांडं नव्याने भरून चढवलं होतं आणि स्टूल बाजूला सारून तो गुडघ्यांवर बसला होता, नाक जवळजवळ काचेला लागलेलं. शेजारी वही उघडी होती. पान कोरं.

"किती आलं, अण्णा?" तिने दारातूनच विचारलं.

"थांबा, अक्का," गुंडो मान न वळवता म्हणाला. "अजून चढतोय."