मासे कोणी मारले?

टाकीतलं पाणी दुधासारखं गढूळ झालं होतं आणि मेदाका मासे पोट वर करून तरंगत होते. नखाएवढे मासे. पाचवीच्या मुलांनी ते अंड्यांपासून वाढवलेले. पाठीवरची दप्तरं न उतरवताच सगळा वर्ग टाकीभोवती गोळा झाला.

"नागिसानं मारले," काझुमा म्हणाला. "घरी नूडल्सचं दुकान ना! दिसलं तोंड की वाढ वाटीभर."

कोणीतरी फिसकन हसलं. नागिसा हसली नाही. मासे तिच्याकडे होते. या वर्गात प्रत्येकाकडे एकेक काम होतं. कोणी खिडक्या उघडायचं, कोणी जेवण वाढायचं, काझुमा फळा पुसायचा. एप्रिलमध्ये शाळेचं वर्ष सुरू होताना सुगिताबाईंनी कामं वाटली, तेव्हा मासे काझुमालाही हवे होते. दगड-कागद-कात्री खेळून नागिसानं ते जिंकले होते.

"मी सकाळी एकदाच घालते," ती म्हणाली. "चिमटीत मावेल तेवढंच."

"मग मेले कसे?"

उत्तर दारात उभ्या असलेल्या सुगिताबाईंकडे होतं.

रोज मुलं घरी गेली की बाई वर्गात एक फेरी मारायच्या. फळ्याचे कोपरे पुन्हा पुसायच्या. कुंड्यांची माती चाचपून पाहायच्या. आणि टाकीपाशी आल्या की वाटायचं, पोर आज विसरली असली तर? मग डबीतला खाऊ थोडा पाण्यात जायचा. नागिसा विसरल्याचं एकदाही दिसलं नव्हतं. तरी हात जायचाच. उरलेला खाऊ तळाशी कुजत राहिला, हे बाईंना आत्ता, त्या पाण्याकडे बघताना कळलं.

उकाडा फार होता हो, असं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मुलांनी मानलं असतं. नागिसाही सुटली असती. बाईंच्या ओठांवर ते वाक्य आलंही.

तेवढ्यात नागिसा वर्गाकडे वळली आणि कमरेत वाकली. "मला माफ करा." मग बाईंकडे पाहून म्हणाली, "सेन्सेई, माझं काम काझुमाला द्या. मला नाही जमलं."

"सरळ उभी राहा, नागिसा," बाई म्हणाल्या. "मासे मी मारले."

बाईंनी सगळं सांगितलं. काही वगळलं नाही. "काम तुम्हाला दिलं आणि तुमच्या पाठीमागे मीच ते करत बसले," असं म्हणून त्याही मुलांसमोर वाकल्या, नागिसापेक्षा खाली.

पहिला आवाज काझुमाचा. "म्हणजे... फळासुद्धा?"

"फळासुद्धा."

"तरीच! मला वाटायचं, मीच भारी पुसतो."

या वेळी नागिसाही हसली. मग दोघांनी मिळून टाकी उपसली. तळाच्या शेवाळात दोन मासे अजून कल्ले हलवत होते. काझुमानं बादलीत स्वच्छ पाणी आणलं, मासे अलगद त्यात सोडले आणि बादली मुकाट्यानं नागिसापुढे सरकवली.

शाळा सुटण्याआधीच्या बैठकीत मुलांनी बराच खल केला आणि ठरवलं, वर्गात सेन्सेईंनाही एक काम हवं. काम असं : मुलं गेल्यावर त्यांच्या कशालाही हात लावायचा नाही.

संध्याकाळी वर्ग रिकामा झाला. फळ्याच्या कोपऱ्यात खडूचा पांढरा फराटा तसाच राहिला होता. बाईंनी तिकडे पाठ केली. वह्या तपासायला घेतल्या. पुन्हा मान वळली. उठल्या, फळ्यापर्यंत गेल्या, आणि हात मागे बांधून तिथेच उभ्या राहिल्या.

दार सरकलं. नागिसा होती.

"अगं, काही विसरलीस का?"

"नाही. तुमचं काम कसं चाललंय ते बघायला आले."

बाईंना हसू आलं. थोडं लागलंही. "म्हणजे माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

"आहे की." नागिसानं दप्तर उतरवलं आणि एक खुर्ची बाईंच्या टेबलाशेजारी ओढून घेतली. "पण पहिल्या दिवशी एकटीला फार जड जातं, सेन्सेई."