तीनशेवी जागा

"दोनशे नव्व्याण्णवला तुझं मशीन अडतंय," शिवय्या म्हणाले. "आन मी तर पत्रकात तीनशे स्थळं छापलीत."

संगमेशने चपला दाराबाहेर काढल्या आणि कॉम्प्युटरसमोर बसला. सत्त्याण्णव साल. शिवय्या हिरेमठांचं वधूवर मंडळ गंगावेशीतल्या त्यांच्या घराच्या पुढच्याच खोलीत चालायचं, आणि त्याचा सी भाषेतला प्रोग्रॅम संगमेश मठपतीने लिहिला होता. रविवारी कागलला मेळावा. आज शुक्रवार.

"राहिलंय कुणाचं?" त्याने विचारलं.

"बेळगावचा पोरगा हाय. बँकेत. आमच्या सौंदर्यासाठी बघतोय. त्यो मशीनमधनं निघाला म्हंजे घरातल्यांनाबी काय बोलता येणार न्हाई."

संगमेशची बोटं कीबोर्डवर थांबली. शिवय्यांची मुलगी सौंदर्या पलीकडच्या टेबलावर फॉर्म लावत होती. मंडळाच्या सगळ्या नोंदी तीच टाइप करायची. तिने मान वर केली नाही.

तिला एक गोष्ट विचारायची म्हणून संगमेश वर्षभर घोकत होता. पण त्याच्याकडे भाड्याची एक खोली, एक जुनं मशीन आणि शिवय्यांच्या शब्दांत 'डोळ्याला न दिसणारा धंदा' एवढंच होतं. म्हणून तो गप्प राहायचा. असल्या माणसाला लोक समंजस म्हणतात. खरं तर तो भित्रा असतो.

आत्ताही तो चूकच शोधायला लागला.

त्याचा पहिला प्रोग्रॅम भर मेळाव्यात बंद पडला होता. प्रत्येक नोंदीसाठी तो मशीनकडे वेगळी मेमरी मागायचा. नोंदी यायच्या, जायच्या, मधे बारीकसारीक फटी पडायच्या, आणि शेवटी मेमरी असूनही नवी नोंद कुठे मावायची नाही. मग त्याने पद्धतच बदलली. सुरुवातीलाच तीनशे नोंदींचा एक सलग तुकडा मागून घ्यायचा आणि त्यातूनच एकेक जागा द्यायची. जागा सुटली की ती परत त्याच साठ्यात. त्याहून जास्त त्या मशीनला पेलवत नव्हतं.

शिवय्यांना हे पटेना, तेव्हा त्याने एस.टी.चं उदाहरण दिलं होतं. "अप्पा, वऱ्हाड जायचं असलं की एकजण आधी चढून मागचा अख्खा बाक धरतोय की न्हाई? रुमाल टाकून, पिशव्या टाकून? तसंच हे."

नवा प्रोग्रॅम बसवला त्याच दिवसाची ही गोष्ट. सौंदर्याची आई, शांतव्वा, चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं होतं, "आन ज्याला म्होरल्या थांब्यावर चढायचंय, त्याच्यासाठी रुमाल टाकला तर?"

"तोवर ती जागा भरलेलीच समजायची, काकू."

"बरं," म्हणून त्यांनी कप पुढे केला होता. मग सहज त्याचं गाव विचारलं, वडिलांचं नाव विचारलं, नक्षत्र विचारलं. घरी आलेल्या प्रत्येकाला त्या विचारायच्याच. वधूवर मंडळाचं घर ते.

शिवय्यांनी त्याला एकच नियम घालून दिला होता. लग्न ठरलं की नाव कुणाच्या नजरेला पडता कामा नये. नजर लागते, कुणीतरी कान भरतं, स्थळ मोडतं. म्हणून 'ठरले' असं लिहिलं की नोंद यादीतून गायब व्हायची. जागा मात्र अक्षता पडेपर्यंत सोडायची नाही.

संगमेशने यादी मोजली. दिसणारी दोनशे एकाहत्तर. ठरलेली अठ्ठावीस शिवय्यांच्या वहीत होती. एक जागा खरोखरच बेपत्ता होती.

आणि मग त्याला कळलं. सी भाषेत मोजणी शून्यापासून सुरू होते. आपण वाटप एकपासून सुरू केलं असणार. शून्य नंबरची जागा पहिल्या दिवसापासून रिकामी पडून असणार. शिकाऊ पोरं करतात तसली चूक. त्याला लाज वाटली.

लगेच दुसराही विचार आला. 'मशीनची ताकदच एवढी, अप्पा' म्हटलं की संपलं. कोण तपासणार होतं? बेळगावचा पोरगा बेळगावात राहिला असता.

त्याने सौंदर्याकडे पाहिलं. ती फॉर्मवर शिक्के मारत होती. एकाच फॉर्मवर तिने दोनदा शिक्का मारला.

"घावली का रं?" शिवय्यांनी विचारलं.

खोटं बोलायला त्याची जीभ रेटेना. या घरात किंमत होती ती फक्त त्याच्या कामाला, आणि तीही घालवून सौंदर्यासमोर बसणं त्याला जमलं नसतं. तो म्हणाला, "घावली, अप्पा. माझीच चूक हाय. पाच मिनिटांत घालतो त्यांचं नाव."

शिक्क्याचा आवाज थांबला. शांतव्वा आतून चहा घेऊन आल्या, कप त्याच्याजवळ ठेवला आणि गेल्या नाहीत. तिथेच उभ्या राहिल्या.

संगमेशने यादी बाजूला सारून सरळ मेमरीतली शून्य नंबरची जागा उघडली.

ती रिकामी नव्हती. नोंद वर्षापूर्वीची होती, नवा प्रोग्रॅम बसवला त्याच दिवसाची. वर: संगमेश बसय्या मठपती. वधू: सौंदर्या शिवय्या हिरेमठ. स्थिती: ठरले. टाइप करणार: सौंदर्या. माहिती देणार: शांतव्वा.