चहाबरोबरची गोळी

देवाशप्पथ, यातलं अक्षरन् अक्षर खरं आहे! नातीच्या मंगळागौरीला मला फुगडी घालायची होती, पण थायरॉईडमुळे मी भर मे महिन्यात स्वेटर घालून पेंगत बसायचे. डॉक्टर डोस वाढवतच होते, फरक काही पडेना.

एका सकाळी सून ओरडली, “अहो आई, गोळी चहाबरोबर घेताय? उपाशीपोटी, पाण्याबरोबर घ्यायची!”

मग तो वाढवलेला डोस असा लागू पडला, की एका दुपारी मी अख्ख्या बिल्डिंगचे पापड लाटले. छाती धडधडायला लागली. डॉक्टरांनी रक्त तपासून डोस उतरवला, तेव्हा कुठे जमलं.

मंगळागौरीला नातीबरोबर अशी गरगर फुगडी घातली, की वरचा बंद पंखासुद्धा फिरायला लागला.

बरं बाई, पंखा चालूच होता. पण आधी दमली ती नातच!