मुलीचं काम

"आर्किटेक्ट होऊन पडकी घरं दुरुस्त करत बसणार?" असं सुनावल्यापासून वसंतराव शाल्मलीशी जेवढ्यास तेवढंच बोलायचे. तरी तिनं आईबाबांना इंग्लंडला बोलावलं आणि सुट्टीसाठी एका खेड्यातल्या चारशे वर्षांच्या कॉटेजमध्ये नेलं. तिथे स्वयंपाक आपला आपणच करायचा होता.

चावी देताना मालकीणबाई म्हणाल्या, "हे घर पाडायचंच ठरलं होतं. तुमच्या मुलीनं हट्टानं वाचवलं."

वसंतराव आत शिरले. काळ्याभोर लाकडी तुळयांवरून नुसता हात फिरवत राहिले.

दुपारी एक जोडपं फाटकाशी थांबून घराचे फोटो काढू लागलं. शाल्मली आत पोहे परतत होती. खिडकीतून तिला बाबांचं मोडकंतोडकं, पण खणखणीत इंग्रजी ऐकू आलं.

"माझ्या मुलीनं केलंय हे सगळं! बाहेरून काय बघता? आत या, तीच दाखवेल तुम्हाला."